नेपोलियनची लढाई, कोकणातलं टेबल: वॉरगेम कसा निवडावा

वॉटर्लूची लढाई 18 जून 1815 ला एकदाच झाली, पण तिच्यावरचे बोर्डगेम डझनांनी आहेत. दोन बॉक्सवर नाव एकच असलं तरी आत खेळ वेगळा निघतो. एकाचा निकाल अर्ध्या तासात लागतो. दुसऱ्यात शनिवार-रविवार संपला तरी फ्रेंच पायदळ ऊगुमाँच्या (रणांगणावरच्या शेतवाड्याच्या) भिंतीला धडका देतच असतं. म्हणून लढाई कुठली हे शेवटी ठरवा. आधी ठरवा की तुम्हाला सेनापती व्हायचंय की पलटणीचा कर्नल.

हे कळायला दोन आकडे पुरतात: एक सोंगटी म्हणजे किती माणसं, आणि नकाशावरचं एक षटकोनी घर म्हणजे किती मीटर. सोंगटी म्हणजे बटालियन असेल, म्हणजे पाचशे ते आठशे माणसं, तर तुम्ही कर्नलचं काम करताय. सोंगटी म्हणजे ब्रिगेड असेल, दोन-तीन हजारांची, तर डिव्हिजन हलवताय. अख्खी कोअर (अनेक डिव्हिजनांची फौज) एकाच ठोकळ्यात असेल तर मात्र नेपोलियनच्या खुर्चीत बसलात. खेळाची लांबी, सोंगट्यांची संख्या, नियमांची जाडी या सगळ्याचं मूळ इथेच आहे.

विकत घेण्याआधी नियमपुस्तिका वाचा. जीएमटीसारखे प्रकाशक ती आपल्या साइटवर फुकट ठेवतात. सगळी वाचायची गरज नाही, चौकोनाचा नियम शोधा. घोडदळ अंगावर आलं की त्या काळचं पायदळ चारी बाजूंना संगिनी रोखून चौकोन करायचं. चौकोनावर घोडे जात नाहीत, पण तोफांना तोच चौकोन आयता सापडतो. पायदळ, घोडदळ, तोफखाना यांचा हा तिढा म्हणजे नेपोलियनच्या काळच्या रणांगणाचा जीव. 'कमांड्स अँड कलर्स: नेपोलियॉनिक्स'मध्ये तो छान पकडलाय. तुकडीने चौकोन केला की घोडदळाला तिच्यावर एकच फासा टाकता येतो. पण चौकोन करणाऱ्याच्या हातातलं एक कमांड-पान (फौज हलवायचा हुकूम देणारं) न बघता काढून बाजूला ठेवलं जातं, आणि चौकोन मोडेपर्यंत ते परत मिळत नाही. दोन-तीन चौकोन झाले की हातात पानंच उरत नाहीत, आणि बाकीची फौज जागच्या जागी खिळते. वॉटर्लूला दुपारी फ्रेंच मार्शल ने याच्या घोडदळाने ब्रिटिशांचं नेमकं हेच केलं होतं.

उलट, ब्रिगेड पातळीचा खेळ प्रत्येक सोंगटीला चौकोन करायला लावत असेल तर सावध राहा. तीन हजार माणसांच्या ब्रिगेडमध्ये कुणी कधी चौकोन करायचा हे तिथले अधिकारी बघतात. त्या पातळीवर ते फाशांच्या निकालातच धरलेलं असावं. असे खेळ हळू चालतात आणि सेनापती आणि कर्नल दोघांचं काम तुमच्याच गळ्यात मारतात.

दुसरा नियम घोडदळाला आवरण्याचा. वॉटर्लूलाच ब्रिटिश युनियन ब्रिगेड हल्ला जिंकून पुढे धावत सुटली आणि मागे फिरेपर्यंत कापली गेली. ज्या खेळात घोडदळ ठोकून आरामात जागेवर परत येतं, त्यात टोप्या नेपोलियनच्या असतात, लढाई कुठल्याही काळातली.

आता थेट नावं. बरोबर खेळणारे नवखे असतील तर 'कमांड्स अँड कलर्स'च घ्या. गणपतीला मुंबईहून आलेली भावंडं मेंढीकोट खेळणारी असतील तर हातातली पानं जपून वापरणं त्यांना शिकवावं लागत नाही. तुकडीत जितके ठोकळे उरले तितके फासे, हे पाच मिनिटांत समजतं. मूळ बॉक्समध्ये फ्रेंच, ब्रिटिश आणि पोर्तुगीज आहेत. रशियन, ऑस्ट्रियन, प्रशियन, स्पॅनिश वेगळे घ्यावे लागतात. म्हणजे ऑस्टरलिट्झ (फ्रेंच विरुद्ध रशियन-ऑस्ट्रियन) खेळायच्या आशेने नुसता पहिला बॉक्स मागवलात तर हिरमोड होईल. सुरुवात पोर्तुगालमधल्या 1808 च्या रोलिसाच्या लढाईने करा, वॉटर्लूने नको.

फाशांवर राग असेल तर 'नेपोलियन 1806' बघा. प्रशियाविरुद्धची येनाची मोहीम, दोन खेळाडू, लढाईचा निकाल पत्त्यांवर, आणि जास्त चालवलेल्या फौजेवर थकव्याचे ठोकळे साचत जातात. 'नेपोलियन्स ट्रायम्फ' हा ऑस्टरलिट्झवरचा 2007 चा खेळ देखणा आणि बिनफाशांचा आहे. तो जुन्या बाजारात शोधावा लागतो, आणि नियम थोडके वाटले तरी पहिले दोन डाव अडखळत जातात.

गुहागर किंवा देवगडला जोडीदार मिळणं मुश्किल असेल तर ठोकळ्यांचे लपवाछपवीचे खेळ घेऊ नका. उभ्या ठोकळ्याची पाटी समोरच्याला दिसत नाही हीच त्यातली गंमत, आणि दोन्ही बाजू तुमच्याच असल्या की ती संपते. एकट्याला उघड्या सोंगट्यांचा खेळ बरा. 1976 चा 'नेपोलियन्स लास्ट बॅटल्स' त्यासाठी आजही चांगला: ब्रिगेड पातळी, लिन्यी, कात्र ब्रा, वाव्र आणि वॉटर्लू असे चार छोटे खेळ, आणि अंगवळणी पडल्यावर चारही जोडून अख्खी मोहीम. त्याच वर्षीचा 'वेलिंग्टन्स व्हिक्टरी' बटालियन पातळीवरचा आणि चार नकाशांचा. तो पहिला खेळ म्हणून मुळीच घेऊ नये. (हा वेलिंग्टन म्हणजे 1803 मध्ये असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला वेलस्लीच. त्याच्या बाजूने खेळायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.)

तिघांनी वॉटर्लू खेळायचा बेत असेल तर एक अडचण लक्षात घ्या. प्रशियन फौज लढाईत उतरते ती दुपार कलल्यावर, म्हणजे प्रशियन खेळाडू निम्मा डाव चहा करत बसतो. तीनही फौजा पहिल्यापासून हलतात असा मोहिमेचा खेळ अशा वेळी बरा. कोलंबिया गेम्स या प्रकाशकाचा 'नेपोलियन' त्यातलाच.

टेबल मोजून घ्या. जुन्या पद्धतीचा एक नकाशा साधारण 22 बाय 34 इंचांचा असतो. चार माणसांच्या जेवणाच्या टेबलावर तो मावतो, पण तक्ते, फासे आणि मेलेल्या सोंगट्या ठेवायला जागा उरत नाही. दोन नकाशांचा खेळ ओटीवर सतरंजी टाकूनच होतो, आणि घरात मांजर असेल तर तोही होत नाही.

मे महिन्यात पंख्याशिवाय कोकणात बसवत नाही, आणि अर्ध्या इंचाच्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या पंखा तीनवर गेला की हलायला लागतात. चार-पाच सोंगट्यांची चळत तर आधी घसरते. लाकडी ठोकळ्यांना ही अडचण नाही, म्हणून किनाऱ्यावर दोन सारख्या खेळांत ठोकळ्यांचा निवडावा. कागदी नकाशावर फ्रेमवाल्याकडून कापून आणलेली दोन-तीन मिलिमीटरची ॲक्रिलिकची शीट ठेवा. घड्या बसतात आणि चहाचा कप सांडला तरी नकाशा वाचतो.

पावसाळ्यात नवा बॉक्स आला तर सोंगट्या लगेच सुट्या करू नका. दमट पुठ्ठ्याचे थर सुटतात. बोटांनी ढकलून सोंगटी काढली की वरचा छापील कागद कोपऱ्यावर फाटतो. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, पट्टी लावून कटरने जोड कापा. ठोकळ्यांच्या स्टिकरचंही तेच. 'कमांड्स अँड कलर्स'मध्ये तीनशेहून जास्त ठोकळे आहेत आणि दोन्ही बाजूंना स्टिकर, म्हणजे काम काही संध्याकाळींचं आहे. आधी ठोकळ्यांवरचा भुसा कोरड्या फडक्याने पुसा, पायदळ-घोडदळ-तोफा यांचे आकार वेगळे करा, आणि एका वेळी एकच देश संपवा.

ठेवायला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. पत्र्याचा डबा खाऱ्या हवेत गंजतो. कसरीसाठी डांबराच्या गोळ्या टाकत असाल तर प्लॅस्टिकचे सैनिक त्या डब्यात ठेवू नका, गोळ्यांनी काही जातीचं प्लॅस्टिक मऊ पडून चिकटतं. जाड पुठ्ठ्याचा बोर्ड उभा ठेवला की वाकतो. आडवा ठेवून वर पुस्तकांचं वजन द्या.

पैसे घालण्याआधी व्हॅसल या कॉम्प्युटरवर बोर्डगेम खेळायच्या फुकटच्या प्रोग्रॅमवर त्या खेळाचं मॉड्यूल (कॉम्प्युटरवरची आवृत्ती) आहे का बघा आणि दोन फेऱ्या खेळा. त्यातही हात भरून आला तर टेबलावर तो खेळ पुढे जाणार नाही. परदेशातून मागवताना कस्टम ड्युटी नुसत्या किमतीवर नाही, पाठवणीच्या खर्चासकट लागते. त्यामुळे चौघांनी मिळून एक पार्सल मागवलं तर भाडं वाटून जातं. बॉक्स उघडताना नियमपुस्तिकेतल्या यादीशी सोंगट्या, पानं आणि फासे मोजून फोटो काढून ठेवा. बरेच प्रकाशक कमी निघालेला भाग पाठवतात, पण तक्रार आल्या आल्या करावी लागते.