कार्यालयातील जावा मेसेंजर अडला तर या चुका टाळा

इंदूरच्या सियागंजातील पेढी आणि सांवेर रोडवरचे गोदाम यांच्यात दिवसभर लहानमोठे निरोप चालू असतात. ट्रक निघाला का, अमुक बिलाला कोणता दर लावायचा, बिल्टीवर सही झाली का, असे त्यांचे स्वरूप असते. हे निरोप प्रत्येकाच्या खासगी फोनवर विखुरण्यापेक्षा कार्यालयाच्या स्वतःच्या सर्व्हरवर राहावेत, या हेतूने अनेक ठिकाणी ओपनफायर हा सर्व्हर आणि स्पार्क हा त्याचा क्लायंट, म्हणजे प्रत्येकाच्या संगणकावर उघडणारा मेसेंजर, बसवलेला असतो. दोन्ही जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले आहेत, दोन्ही विनामूल्य आहेत आणि दोन्ही एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर, म्हणजे निरोप पाठवण्याच्या ठरलेल्या नियमांवर, चालतात. हा प्रोटोकॉल 1999 मध्ये जॅबर या नावाने सुरू झाला आणि 2004 मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने त्याला मानकाचे रूप दिले. अशाच एका कार्यालयाचे संगणक मी सांभाळतो. मेसेंजर अडला की माझ्यापर्यंत येणारी तक्रार बहुधा एकाच वाक्याची असते, "अहो, ते जावा उडालंय बहुतेक." प्रत्यक्षात जावा क्वचितच उडालेले असते.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे स्पार्क काढून टाकून पुन्हा बसवणे. अर्धा तास जातो आणि बहुतेक वेळा दोष जिथल्या तिथे राहतो. याचे कारण असे की, स्पार्कचा प्रोग्राम एका ठिकाणी असतो आणि वापरकर्त्याची माहिती दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे विंडोजमध्ये त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरातील रोमिंगच्या आत 'स्पार्क' नावाच्या फोल्डरात असते. प्रोग्राम काढला तरी हा फोल्डर तसाच राहतो, आणि त्यातील बिघडलेली सेटिंग नव्याने बसवलेला स्पार्क निमूटपणे उचलतो. उलट कोणी उत्साहाच्या भरात हा फोल्डरही पुसून टाकला, तर जुन्या संभाषणांच्या स्थानिक नोंदी जातातच, शिवाय त्यातील लॉग्स नावाचा, प्रोग्राम कुठे अडला याच्या नोंदींचा उपफोल्डरही जातो आणि दोष कशामुळे आला हे सांगणारा एकमेव साक्षीदार नाहीसा होतो. म्हणून फोल्डर पुसू नये, त्याचे नाव बदलून बाजूला ठेवावे. स्पार्क नवा रिकामा फोल्डर तयार करतो. त्याने काम झाले तर दोष जुन्या सेटिंगमध्ये होता. न झाले तर जुने नाव परत देता येते.

त्याही आधी एक प्रश्न विचारावा: अडचण एकाची आहे की सर्वांची? सर्वांची असेल तर टेबलाटेबलावर फिरण्यात अर्थ नाही, सर्व्हरकडे जावे. एका संपूर्ण जागेची असेल, उदाहरणार्थ गोदामातील सर्वांची, तर मधल्या जोडणीकडे पाहावे. एकट्याची असेल तरच त्याच्या संगणकाला हात लावावा. हा प्रश्न न विचारता मी स्वतः एकदा पूर्ण दुपार घालवली आहे. पावसाळ्यात दोन-तीनदा वीज गेल्यानंतर लेखा विभागातील काकांचा स्पार्क सर्व्हरशी जोडला जाईना. मी सर्व्हर पाहिला, वायर बदलली, स्पार्क पुन्हा बसवला आणि शेवटी लॉग उघडला. त्यात 'सर्टिफिकेट नॉट येट व्हॅलिड' अशा अर्थाची जावाची तक्रार स्पष्ट लिहिलेली होती. संगणकाच्या मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली होती, वीज जाताच घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले होते, आणि त्या घड्याळाच्या दृष्टीने सर्व्हरचे प्रमाणपत्र, म्हणजे त्याची ओळख पटवणारी मुदतीची डिजिटल फाइल, अजून जन्मालाच आलेले नव्हते. फरक इतका मोठा असला की विंडोजची वेळ जुळवणारी सेवाही आपणहून दुरुस्ती करत नाही. तारीख हाताने बदलली, दुकानातून बॅटरी आणली, आणि काकांनी "एवढंच होतं?" म्हणून विचारले ते अजून आठवते.

प्रमाणपत्रांचा विषय निघालाच आहे, तर त्यातली दुसरी चूकही पाहू. ओपनफायर बसवताना सर्व्हर स्वतःच स्वतःच्या सहीचे प्रमाणपत्र तयार करतो. स्पार्क 2.8 पासून प्रमाणपत्रांची तपासणी कडक झाली, त्यामुळे जुन्या स्पार्कवर सुरळीत चालणारे लॉगिन नव्या आवृत्तीत अडते. लॉगिनच्या प्रगत पर्यायांत 'सर्व प्रमाणपत्रे स्वीकारा' असा चौकोन आहे, आणि त्यावर खूण केली की सर्व काही चालू लागते. घाईच्या वेळी एका संगणकावर, दोष तपासण्यापुरती अशी खूण करणे समजू शकते, परंतु पन्नास संगणकांवर ती कायमची ठेवणे म्हणजे समोर कोणीही उभा राहिला तरी त्याला आपला सर्व्हर समजण्याची मुभा देणे होय. योग्य मार्ग असा की सर्व्हरचे प्रमाणपत्र प्रत्येक क्लायंटच्या विश्वासू यादीत एकदाच जोडावे. ते कोणी जावाच्या सामायिक साठ्यात, म्हणजे सीएसर्ट्स या फाइलमध्ये, कीटूल या जावाच्याच साधनाने घातले असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी: जावाची आवृत्ती बदलली की ही फाइलही बदलते आणि प्रमाणपत्र पुन्हा घालावे लागते. "काल अपडेट झालं आणि आज बंद," या तक्रारीमागे हे कारण मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे.

याच कुळातील एक चूक लॉगिनच्या रकान्यांत होते. डोमेनच्या रकान्यात सर्व्हरचे एक्सएमपीपी डोमेन लिहायचे असते, आणि अनेक जण तेथे सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील आकड्यांचा पत्ता, लिहितात. प्रमाणपत्र नावाने दिलेले असते आणि क्लायंट मात्र आकड्यांच्या पत्त्यावर गेलेला असतो, त्यामुळे दोन्ही जुळत नाहीत. कार्यालयातील डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत, ते नाव नोंदवलेले नसेल, तर डोमेनच्या रकान्यात नावच ठेवावे, प्रगत पर्यायांत पत्ता आपोआप शोधण्याची खूण काढावी आणि तेथे आयपी पत्ता व 5222 हे पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरील जोडणीच्या दाराचा क्रमांक, वेगळे लिहावे. वापरकर्त्याच्या रकान्यात केवळ नाव लिहावे, अ‍ॅट चिन्हापुढचा भाग लिहू नये.

आता खुद्द जावाकडे, म्हणजे असे प्रोग्राम चालवण्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरकडे येऊ, कारण कधीकधी ते खरेच दोषी असते. स्पार्कचा जावासह येणारा इन्स्टॉलर वापरला असेल, तर संगणकावरील दुसऱ्या जावाशी त्याचा संबंध नसतो. म्हणून कंट्रोल पॅनेलमधील जावा काढून नवे घालण्याचा उद्योग तेथे व्यर्थ आहे. जावाशिवायचा इन्स्टॉलर वापरला असेल तर दोन गोष्टी तपासाव्यात. 32 बिटांच्या लाँचरला 64 बिटांचे जावा चालत नाही, त्यामुळे समोर जावा असूनही जेव्हीएम (जावा चालवणारे यंत्र) सापडत नसल्याचा संदेश येतो. दुसरे म्हणजे लॉगमध्ये 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' असे दिसले तर शेजारचा आकडा वाचावा: 52 म्हणजे जावा 8, 55 म्हणजे जावा 11 आणि 61 म्हणजे जावा 17. प्रोग्राम नव्या जावासाठी बांधलेला आहे आणि संगणकावर जुने जावा आहे, एवढाच त्याचा अर्थ. येथे ओरॅकलचे जावा 8 उचलून बसवू नये, कारण एप्रिल 2019 पासूनच्या त्याच्या अद्यतनांना व्यावसायिक वापरासाठी परवाना घ्यावा लागतो. ओपनजेडीके या खुल्या जावाची विनामूल्य बांधणी पुरेशी आहे.

जावाच्या अद्यतनानंतर सर्वच संगणक एकदम अडले आणि लॉगमध्ये 'नो अप्रोप्रिएट प्रोटोकॉल' असे आले, तर सर्व्हर फार जुना झाला आहे असे समजावे. एप्रिल 2021 च्या अद्यतनांपासून जावा 8 आणि 11 यांनी टीएलएस या जोडणी सुरक्षित करणाऱ्या प्रोटोकॉलच्या 1.0 व 1.1 या जुन्या आवृत्त्या मुळातच बंद केल्या. जावाच्या सुरक्षा फाइलमधील बंदीची ओळ पुसून जुने प्रोटोकॉल चालू करण्याची युक्ती सर्वत्र सांगितली जाते. ती युक्ती करू नये, सर्व्हर नवा करावा.

जोडणीच्या बाबतीत 'पिंग जातो आहे, म्हणजे नेटवर्क ठीक आहे' हा समज सोडावा. पिंग सर्व्हरचा संगणक जागा आहे एवढेच सांगतो, 5222 हे पोर्ट उघडे आहे की नाही हे सांगत नाही. विंडोजमध्ये पॉवरशेलच्या टेस्ट-नेटकनेक्शन या आज्ञेला पोर्टचा क्रमांक दिला की उत्तर मिळते. राउटर बदलल्यानंतर सर्वांचे लॉगिन एकदम बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण असे की सर्व्हरवरील विंडोज नव्या नेटवर्कला 'पब्लिक' समजते आणि फायरवॉलचा नियम मात्र केवळ 'प्रायव्हेट' नेटवर्कसाठी लिहिलेला असतो.

गोदामाचे दुखणे वेगळे असते. तेथे वायफाय पत्र्याच्या छताखाली आणि मालाच्या थप्प्यांमधून जाते, जोडणी मध्येच तुटते, आणि सर्व्हरला ते लगेच कळत नाही. ओपनफायरमध्ये स्वस्थ बसलेल्या जोडणीची मूळ मुदत 6 मिनिटांची असते. त्या अवधीत पाठवलेला निरोप मेलेल्या जोडणीत जाऊन हरवू शकतो आणि पाठवणाऱ्याला तो पोहोचल्यासारखा वाटतो. ही मुदत कमी करणे हा एक उपाय आहे. गोदामात तार ओढणे हा अधिक चांगला. निरोप 'हरवण्याचे' आणखी एक कारण मात्र माणसांनी निर्माण केलेले असते. एकच खाते पेढीवर आणि गोदामात दोन्हीकडे उघडे ठेवले जाते. दोन्हीकडे रिसोर्सचे नाव (एका खात्याच्या वेगवेगळ्या जोडण्या ओळखण्याची खूण) एकच असेल तर सर्व्हरच्या धोरणानुसार एक जण दुसऱ्याला बाहेर ढकलतो, तो पुन्हा आत येतो आणि पहिल्याला ढकलतो. नावे वेगळी असतील तर निरोप एकाच ठिकाणी जाऊन पडतो, आणि तो बहुधा नको त्या ठिकाणी असतो. प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यावे आणि रिसोर्स म्हणून संगणकाचे नाव वापरण्याचा पर्याय चालू ठेवावा.

फाइली न जाण्याबद्दल थोडक्यात: दोन संगणक एकमेकांना थेट दिसत नसतील तर फाइल सर्व्हरच्या 7777 या पोर्टवरील प्रॉक्सीतून, म्हणजे मध्यस्थामार्फत, जाते. निरोप जातात पण फाइली जात नाहीत, अशी तक्रार आली की आधी तेच पोर्ट पाहावे.

आपल्याकडील खरी गंमत देवनागरीत आहे. इंदूरच्या कार्यालयात एकाच खिडकीत मराठी, हिंदी आणि इंग्रजी निरोप येतात, आणि अक्षरे बिघडली की सर्व बिघाड एकाच नावाखाली 'फॉन्टचा प्रॉब्लेम' म्हणून नोंदवले जातात. ते चार वेगवेगळे रोग आहेत, आणि डोळ्यांनी नीट पाहिले तरी ओळखता येतात. रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त त्या संगणकावर देवनागरी फॉन्ट नाही. विंडोजमध्ये निर्मला यूआय किंवा मंगल असल्याची खात्री करावी. स्वरचिन्हे लावलेल्या लॅटिन अक्षरांची रांग दिसत असेल आणि तेच एक अक्षर दर दोन-तीन चिन्हांनी परत येत असेल, तर यूटीएफ-8 या, अक्षरे बाइटांत साठवण्याच्या संकेतातील मजकूर दुसऱ्या संकेतानुसार वाचला गेला आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइटांचे असते आणि पहिला बाइट नेहमी तोच असतो, म्हणून ही पुनरावृत्ती दिसते. एक्सएमपीपी स्वतः नेहमी यूटीएफ-8 वापरतो, त्यामुळे असा दोष बहुधा जतन केलेल्या नोंदींत आढळतो. जावा 18 पासून, म्हणजे 2022 पासून, यूटीएफ-8 हाच मूळ संकेत झाला. त्याआधीचे जावा विंडोजचा संकेत उचलत असे, आणि तेथे फाइल एन्कोडिंगचा पर्याय यूटीएफ-8 असा स्पष्ट द्यावा लागतो.

तिसरा रोग प्रश्नचिन्हांचा, आणि तो सर्वांत वाईट आहे, कारण तेथे मूळ अक्षरे नष्ट झालेली असतात आणि परत आणता येत नाहीत. समोरचा हजर असताना निरोप नीट दिसतो, पण तो गैरहजर असताना पाठवलेला निरोप नंतर प्रश्नचिन्हांच्या रूपात येतो, असे घडत असेल तर क्लायंटला हात लावू नये. गैरहजराचे निरोप सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये थांबतात, आणि दोष तेथील किंवा त्या जोडणीच्या संकेतात आहे.

चौथा रोग आमच्या मध्य प्रदेशचा खास. टायपिस्ट वर्डमध्ये कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टमध्ये पत्र तयार करतो, त्यातील दोन ओळी उचलून स्पार्कमध्ये चिकटवतो, आणि समोर इंग्रजी अक्षरांचा व विरामचिन्हांचा कचरा दिसतो. कृतिदेव हा केवळ चेहरा आहे, आत साधी रोमन अक्षरे असतात. फॉन्टचा मुखवटा निघाला की तीच उघडी पडतात. यावर जावात, स्पार्कमध्ये किंवा सर्व्हरवर कोणताही उपाय नाही. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलावा, किंवा टायपिस्टला रेमिंग्टन या टाइपरायटरच्या मांडणीचाच युनिकोड कळफलक बसवून द्यावा, म्हणजे त्याची बोटांची सवय मोडत नाही. आमच्याकडे हे करायला दोन आठवडे लागले, त्यातले बारा-तेरा दिवस मन वळवण्यात गेले.

स्पार्क एखाद्याच व्यक्तीचे संभाषण उघडताना गोठत असेल, तर मेमरी वाढवण्यापूर्वी त्या व्यक्तीच्या जुन्या नोंदींची फाइल किती मोठी झाली आहे ते पाहावे आणि ती बाजूला हलवावी.

शेवटी सर्व्हरची एक खिडकी, जी बाहेरून उघडी राहता कामा नये. घरी बसून दुरुस्ती करता यावी म्हणून काही जण राउटरवर 9090 हे पोर्ट इंटरनेटसाठी खुले करतात. ओपनफायरचे व्यवस्थापन पान तेथे असते. 2023 मध्ये या पानात एक गंभीर त्रुटी उघड झाली, जिच्यामुळे पासवर्डाशिवाय आत शिरता येत होते, आणि तिचा प्रत्यक्ष गैरवापरही झाला. दुरुस्ती 4.6.8 आणि 4.7.5 या आवृत्त्यांत आली. आपला सर्व्हर त्याहून जुना असेल, तर बाकीच्या तक्रारी सोमवारपर्यंत थांबू द्याव्यात आणि आज संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी राउटरवरचा तो नियम काढून टाकावा.