ससूनांची मुंबई एका सकाळी कशी पाहावी

बगदाद सोडून १८३२च्या सुमारास मुंबईत आलेल्या ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या घराण्याचा वारसा पाहण्यासाठी पहाटेच कुलाब्याचे ससून डॉक गाठावे, कारण मासळीचा लिलाव दिवस वर येताच ओसरतो. डेव्हिड यांचे पुत्र अल्बर्ट यांनी बांधलेली ही गोदी १८७५ची आहे. जमीन ओली असते, म्हणून न घसरणारी पादत्राणे घालावीत आणि कोळणींना विचारल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत.

तेथून काळा घोडा येथे यावे. डेव्हिड ससून ग्रंथालयाची १८७०ची पिवळसर दगडी इमारत मुळात टांकसाळ व सरकारी गोदीतील कारागिरांच्या संस्थेची होती, आणि मला ती या घराण्याची सर्वांत मोलाची देणगी वाटते. आतला थॉमस वूल्नर यांनी घडवलेला डेव्हिड यांचा पुतळा सावकाश पाहावा. या घराण्याच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा होता, हे मात्र विसरू नये.

चौकातील स्वाराविना घोडा २०१७चा आहे. अल्बर्ट यांनी दिलेला सातव्या एडवर्डचा मूळ अश्वारूढ पुतळा पाहायचा असल्यास भायखळ्याच्या राणीच्या बागेत जावे.