निचऱ्याचं पाणी पुन्हा वापरताय? या चुका टाळा

कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) गुलाब, जरबेरा, ढोबळी मिरची घेणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे निचऱ्याच्या, म्हणजे पिकाखालून गळून गोळा केलेल्या, पाण्यात क्लोरीन घालूनही मुळं कुजतात. अशा वेळी लोक डोस वाढवतात, आणि तिथेच चुकतं.

आधी पाण्यातली घाण बघा. मुळांचे तुकडे, शेवाळ, कोकोपीटचा तपकिरी रंग हे सगळं क्लोरीन खाऊन टाकतं. म्हणून पाणी आधी हौदात निवळू द्यावं, मग १२० मेशच्या डिस्क फिल्टरमधून काढावं, आणि क्लोरीन त्यानंतर. दुसरी गोष्ट पीएच. ७.५ ला क्लोरीनची खरी मारक शक्ती निम्म्यावर येते, ८ ला जेमतेम पाव उरते. इंदूरकडच्या बोअरचं पाणी जड, बायकार्बोनेटचं. त्याची भर पडली की पीएच चढतोच. तो ६ ते ६.५ वर आणा. पण ॲसिड आणि हायपोक्लोराइट (क्लोरीनचं द्रावण) एकाच जागी कधीही ओतू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

१००० लिटरमध्ये २ पीपीएमसाठी (लिटरमागे २ मिलिग्रॅम) १० टक्क्यांचं हायपोक्लोराइट २० मिली लागतं. हा फक्त हिशोब झाला. खरा आकडा शेवटच्या ड्रिपरपाशी डीपीडी किटने (क्लोरीन मोजायच्या रंगचाचणीने) बघा, तिथे १ ते २ पीपीएम मुक्त, म्हणजे कशातही न अडकलेलं, क्लोरीन हवं. एकूण क्लोरीन मोजलंत तर फसाल, कारण अमोनियमयुक्त खत पाण्यात असलं तर क्लोरीन त्यात अडकतं आणि त्याची धार जाते. उन्हात ठेवलेला हायपोक्लोराइटचा कॅनही लवकर कमजोर पडतो.

संथ वाळू-गाळणी लावली असेल तर तिच्या आधी क्लोरीन नको. रोगजंतू रोखतो तो वाळूवरचा जिवंत थर, आणि क्लोरीनने तोच मरतो. वाळू कोरडीही पडू देऊ नये. वेग तासाला १० ते ३० सेंटिमीटर. घाईने पंप वाढवला की गाळणीचा उपयोग उरत नाही.

जंतू मारणाऱ्या यूव्ही (अतिनील) दिव्याचा प्रकाश तपकिरी पाण्यात आरपार पोचत नाही. शिवाय तो लोहाचं चिलेट (लोह विरघळलेलं ठेवणारं संयुग) तोडतो, म्हणून लोह दिव्यानंतर द्या. नाहीतर कोवळी पानं पिवळी पडतात आणि दोष खताला लागतो.

नुसत्या ईसीवर (पाण्यातले एकूण क्षार दाखवणाऱ्या आकड्यावर) विसंबणं ही सर्वांत महाग चूक. ईसी १.८ दिसते, पण त्यात नायट्रेट किती आणि सोडियम किती हे मीटर सांगत नाही. सोडियम पीक फारसं उचलत नाही, ते फेरीगणिक साठत जातं. गुलाबाला ते लवकर बाधतं. दर पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. सोडियम ९० पीपीएमच्या पुढे गेलं तर काही पाणी काढून टाका आणि पावसाचं पाणी मिसळा. एक एकर छपरावर १० मिमी पाऊस म्हणजे सुमारे ४०,००० लिटर. जूनआधी पन्हळी आणि तळ्याचं अस्तर तयार ठेवा.

नव्या कोकोपीटचा पहिला निचरा, तसंच मुळाशी औषध सोडलेल्या दिवसाचा निचरा पुनर्वापराच्या टाकीत घेऊ नका.