नवा पीसी चालू झाला, पण ग्राफिक कार्ड दिसतच नाही

"मामा, कार्ड मेलेलं आलंय."

दिवाळीच्या सुट्टीत रात्री साडेअकराला सिन्नरहून भाच्याचा फोन. आवाज असा की मी आधी घाबरून विचारलं, ताई बरी आहे ना? ताई बरी होती. वर्षभर पैसे साठवून पोराने पहिला पीसी स्वतः जोडला होता. एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चा मदरबोर्ड, डीडीआर५ रॅम आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड. काही माल ऑनलाइन घेतलेला, काही मित्राकरवी लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. विंडोज चढलं होतं, स्क्रीन दिसत होती, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या हार्डवेअरच्या यादीत, एनव्हिडियाचं नावच नव्हतं. दुकानदार म्हणे ड्रायव्हर टाक. ड्रायव्हर म्हणे मला कार्डच सापडत नाही. या दोघांच्या मध्ये सापडून पोराने तीनदा विंडोज नव्याने चढवलं होतं.

माझं आयुष्य अंबडच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये गेलं. मोटर फिरत नाही म्हणून कोणी लगेच मोटर उघडत नाही. आधी सप्लाय बघतात, मग टर्मिनल, मोटरचा नंबर शेवटी. पीसीलाही मी तोच क्रम लावतो. विंडोज पुन्हा चढवणं म्हणजे मोटर फिरत नाही म्हणून तिला रंग देण्यासारखं आहे.

कार्ड दिसत नाही, पण कोणाला?

हे आधी ठरवा, निम्मं काम इथेच होतं. स्क्रीनवर काहीच येत नाही ही एक तक्रार. स्क्रीन येते पण बायोसला (मदरबोर्डातलं, विंडोजच्या आधी चालणारं सॉफ्टवेअर) कार्ड दिसत नाही, ही दुसरी. बायोसला दिसतं, विंडोजला दिसत नाही किंवा विंडोज त्यावर पिवळा त्रिकोण दाखवतं, ही तिसरी. तिन्हींचे इलाज वेगळे, आणि ड्रायव्हरचा संबंध फक्त तिसरीशी.

स्क्रीन पूर्ण काळी असेल तर मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. भाच्याच्या ७६०० मध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स आहे, म्हणून मदरबोर्डच्या एचडीएमआयवर चित्र आलं. पण इंटेलच्या आय५ १२४००एफ किंवा एएमडीच्या रायझन ५ ५६०० प्रोसेसरमध्ये ते नसतं. तिथे मदरबोर्डच्या एचडीएमआयला केबल लावून रात्रभर बसलात तरी काही येणार नाही. केबल खाली, कार्डाच्या आडव्या तोंडात लावायची. हसू नका, मला येणाऱ्या फोनपैकी बरेच इथेच संपतात.

दुसरं, डीडीआर५ चा नवा बोर्ड पहिल्यांदा चालू होताना रॅमची जुळवाजुळव करतो. एएम५ बोर्डांवर (भाच्याचा बी६५० त्यातलाच) त्याला काही मिनिटं लागू शकतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळी राहते. घाबरून बटण दाबून बंद केलंत की पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. चहा टाका, पिऊन या, मग काय ते ठरवा. बऱ्याच बोर्डांवर कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. व्हीजीएचा दिवा लागून राहिला तर अडचण कार्डाच्या बाजूला आहे. डीरॅमचा राहिला तर अडचण रॅमची, कार्डाला हातही लावू नका.

आणि कार्डाचा पंखा फिरत नाही म्हणजे कार्ड मेलं, असं नाही. आजकालची बहुतेक कार्डं थंड असताना पंखे मुद्दाम थांबवतात.

स्क्रीन येत असेल तर पीसी चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा. अनेक बोर्डांत कुठल्या स्लॉटमध्ये काय बसलंय हे दाखवणारं पान असतं. असं पान नसेल तर माझा आवडता उपाय करा: पेनड्राइव्हवर उबुंटू टाकून, काहीही इन्स्टॉल न करता तिथूनच पीसी सुरू करा, टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय' (lspci) ही आज्ञा इंग्रजी छोट्या लिपीत टाइप करा. यादीत कार्डाचं नाव आलं, तर हार्डवेअर जोडलं गेलंय आणि दोष विंडोजच्या बाजूला आहे. नाव नाही आलं तर स्क्रूड्रायव्हर घ्या. भाच्याकडून हे फोनवरच करून घेतलं. यादीत एएमडीची रांग होती, एनव्हिडिया नव्हतं. म्हटलं, विंडोजला आता हात लावू नकोस, रविवारी येतो.

विंडोजमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर' असं नाव दिसलं की लोक खूश होतात, की कार्ड सापडलं, फक्त ड्रायव्हर हवा. पण ते प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही असू शकतं. त्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी असं बघा. १०डीई असेल तर एनव्हिडिया, ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ म्हणजे एएमडी. रायझन प्रोसेसर आणि कार्डही एएमडीचंच असेल तर दोघांचाही १००२ असतो, त्यामुळे तिथे नोंदी किती आहेत तेही मोजा.

सप्लाय

पीसी बंद करा, एसएमपीएसच्या (पीसीला वीज देणारा डबा) मागचं बटण बंद करा, पिन काढा, मग पुढचं बटण दोन-तीन सेकंद दाबून उरलेली वीज निघू द्या. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. पीसी चालू असताना त्याच धातूला हात लावून झिणझिण्या येत असतील तर घरातल्या सॉकेटचं अर्थिंग नाही, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. हा विषय वेगळा आहे, पण मेंटेनन्सवाल्याला हे न सांगता पुढे जाता येत नाही.

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापुढची वीज वेगळ्या केबलने येते: ६ पिनची ७५ वॅट, ८ पिनची १५० वॅट. ४०६० ला ११५ वॅट लागतात, म्हणून त्यावर ८ पिनचं तोंड असतं. ती केबल लावलेलीच नाही, असंही होतं. आता गंमत बघा, प्रोसेसरच्या सप्लायची केबलही ८ पिनचीच असते. ओळखायची खूण सोपी आहे. ग्राफिक कार्डाची केबल ६ अधिक २ अशी फुटते, प्रोसेसरची ४ अधिक ४. दोघींत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात. पिनांचे आकार वेगळे असल्याने सहजी बसत नाही, म्हणून कोणी जोर लावतो. बसत नसेल तर जोर लावू नका, एवढंच.

मॉड्युलर एसएमपीएस असेल तर फक्त त्याच्याच खोक्यातल्या केबल वापरा. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची रचना कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलते. जुन्या एसएमपीएसची केबल नव्याला लावून भागवलं तर त्यात कार्डच जळू शकतं.

टर्मिनल

रविवारी सिन्नरला पोचलो. ताईने पोहे पुढे ठेवले, पण भाचा पोहे खाऊ देईना. कॅबिनेट टेबलावर आडवं केलं. सप्लायची केबल बरोबर. कार्ड पहिल्या, म्हणजे प्रोसेसरजवळच्या लांब स्लॉटमध्ये. तेही बरोबर. खालचा लांब स्लॉट दिसायला तसाच असला तरी बहुतेक बोर्डांत आतून चारच लेनचा (लेन म्हणजे डेटा जाण्या-येण्याची वाट) असतो, आणि काही बोर्डांत विशिष्ट एम.२ जागेत एसएसडी लावली की तो बंदच होतो.

"खटका वाजला होता का?" मी विचारलं.

"वाजला मामा. शप्पथ."

आणि तो खरं बोलत होता. स्लॉटच्या शेवटी प्लॅस्टिकचा जो खटका असतो तो व्यवस्थित बंद झालेला होता. लोक तेवढंच बघतात आणि पुढे जातात. मी मोबाइलचा टॉर्च लावून डोळा कार्डाच्या पातळीला नेला. खटक्याकडच्या टोकाला कार्डाची सोनेरी कड पूर्ण आत गेलेली. पण दुसऱ्या टोकाला, जिथे कार्डाची लोखंडी पट्टी कॅबिनेटच्या मागच्या भिंतीला टेकते, तिथे सोनेरी रेघ दिसत होती. नखाच्या जाडीएवढी. भाच्याला दाखवली तर तो म्हणाला, "एवढ्याने काय होतंय?"

होतं काय, ते सांगतो. पट्टीकडच्या टोकालाच स्लॉटचा छोटा तुकडा असतो, खाचेच्या अलीकडचा. त्यात विजेचे पिन असतात आणि खाचेच्या लगेच पलीकडे पहिली लेन. पलीकडच्या टोकाचे पिन नीट टेकले नाहीत तर कार्ड निदान कमी लेनवर उठू शकतं. पण पहिली लेनच टेकली नाही, तर मदरबोर्ड बोलणार कोणाशी?

कारणही तिथेच सापडलं. लोखंडी पट्टीच्या खालच्या टोकाला निमुळती जीभ असते. ती मदरबोर्डची कड आणि कॅबिनेटची भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत उतरायला हवी. भाच्याची जीभ फटीत न जाता कॅबिनेटच्या दुमडलेल्या पत्र्यावर टेकून बसली होती. दाबलं तरी ते टोक खाली जाणार कसं? आणि वर पट्टीचा स्क्रू त्याने असा आवळला होता की कार्ड त्या तिरक्या अवस्थेतच पक्कं झालं.

तुमच्याकडे असंच असेल तर आधी पट्टीचे स्क्रू पूर्ण काढा. मग खटका बोटाने दाबून कार्ड सरळ वर काढा. खटका दाबायला जागा नसेल तर लाकडी आइस्क्रीमची काडी वापरा, स्क्रूड्रायव्हर नको, तो घसरला की मदरबोर्ड ओरखडतो. कडेवर वाहतुकीसाठी लावलेलं प्लॅस्टिकचं आवरण राहिलंय का बघा, राहतं ते. स्लॉटमध्ये केस, धागा, थर्मोकोलचा कण आहे का तेही. मग जीभ फटीत जातेय याकडे लक्ष ठेवून, दोन्ही टोकांवर दोन अंगठे ठेवून सारखा दाब द्या. सोनेरी रेघ दोन्हीकडे दिसेनाशी झाली की आधी स्क्रू न लावता पीसी चालू करा. कार्ड दिसलं, बंद करून स्क्रू लावला आणि परत गायब झालं, तर कार्ड निर्दोष आहे, तुमचा मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये सरकून बसलाय. त्याचे सगळे स्क्रू सैल करा, कार्ड बसवून जागा जुळवा, आणि मग आवळा.

भाच्याकडे बोर्ड जागेवर होता, जीभच किंचित वाकलेली होती. ताईच्या घरातल्या पकडीने, मध्ये रुमाल धरून, ती सरळ केली. दोन मिनिटांचं काम.

तरीही नाही दिसलं तर

बायोस मूळ स्थितीत आणा. पिन काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा, किंवा बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेला जम्पर जोडा. मग बायोसची नवी आवृत्ती टाका. कार्ड रायझर केबलवर (स्लॉट आणि कार्ड यांच्यामधली जोडकेबल) उभं लावलं असेल तर केबल काढून थेट स्लॉटमध्ये लावून बघा. जेन म्हणजे स्लॉटच्या वेगाची पिढी; जुन्या जेन ३ च्या रायझरवर जेन ४ चं कार्ड अडखळतं, तिथे बायोसमध्ये स्लॉटचा वेग ऑटोऐवजी जेन ३ करायचा. एवढंही करून कार्ड हरवलेलंच असेल तर प्रोसेसर काढून सॉकेटमध्ये टॉर्च मारा. पहिल्या स्लॉटच्या लेन थेट प्रोसेसरमधून येतात, त्यामुळे सॉकेटातला एक वाकलेला पिनही कार्ड गायब करू शकतो. हे काम हात थरथरत असेल तर करू नका.

विंडोजमध्ये कार्ड आहे पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यावर कोड ४३ ही चूक येते, तेव्हा सेफ मोडमध्ये डीडीयू हे ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर चालवून जुने ड्रायव्हर साफ करा आणि नवा टाका. कोड १२ आला तर बायोसमध्ये 'अबव्ह फोरजी डिकोडिंग' चालू आहे का बघा.

सेकंड हँड कार्डाबद्दल थोडं कडवट बोलतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं आणि त्यासाठी राबवलेली कार्डं बाजारात आली. काही कार्डांचा स्वतःचा बायोस मायनिंगसाठी बदललेला असतो, त्यांच्यावर साधा ड्रायव्हर कोड ४३ देतो. कार्डावर दोन बायोसचा बारीक स्विच असेल तर तो दुसरीकडे सरकवून बघा, पीसी बंद करून. आणि पी१०६-१०० हे मायनिंगचं कार्ड स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका, त्याला डिस्प्लेची तोंडंच नाहीत. फार जुनी, जीटीएक्स ६०० च्या काळातली काही कार्डं नव्या बोर्डावर सीएसएम (बायोसमधली जुन्या हार्डवेअरसाठीची सोय) चालू केल्याशिवाय चित्रच देत नाहीत.

कार्ड परत पाठवण्याआधी दुसऱ्या कोणाच्या चालू पीसीत ते लावून बघा. तिथे चाललं तर दुकानदाराशी भांडण वाचतं, नाही चाललं तर भांडायला पुरावा मिळतो.

सिन्नरला पुढे काय झालं? पीसी चालू केला, यादीत आरटीएक्स ४०६० आलं, भाच्याने आईला हाका मारल्या, ड्रायव्हर चढला. मी थंड झालेले पोहे पुढ्यात ओढले. पाच मिनिटांनी पुन्हा हाक.

"मामा, एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये मॉनिटर दिसत नाहीये."

केबल अजून मदरबोर्डलाच होती.