गोदेयो: ठाण्याच्या उकाड्यात ही वाइन कशी ठेवावी, कशी ओतावी

गोदेयो ही स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातली, गालिसियातली पांढऱ्या वाइनची द्राक्षजात. आपल्याकडच्या मेनूकार्डांवर तिचं ‘गोडेलो’ होतं; स्पॅनिशमध्ये दोन ‘ल’ जोडून आले की उच्चार ‘य’कडे जातो. नावात ‘गोड’ ऐकू आलं तरी वाइन ड्राय असते, साखर जवळजवळ नसतेच. पहिल्यांदा पिणाऱ्याची निराशा इथेच होते: ना गोडवा, ना ग्लासातून उसळणारा वास. गोदेयोचा गुण नाकापेक्षा जिभेवर कळतो. नारळाचं पहिलं दूध आणि तिसऱ्यांदा पाणी घालून पिळलेलं दूध, या दोन्हींत चवीपेक्षा दाटपणाचा जो फरक असतो, तसला फरक इथे शोधायचा. हा दाटपणा तापमानावर फार अवलंबून असतो. म्हणून ठाणे-नवी मुंबईच्या हवेत ही बाटली सांभाळणं आणि नेमकी गार करणं हेच खरं काम.

आधी जातीविषयी थोडं, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावरून ठरतात. ओउरेन्से प्रांताच्या पूर्व टोकाला, सिल नदीच्या खोऱ्यात वाल्देओरास नावाचा भाग आहे. नावाचा अर्थ ‘सोन्याची दरी’ असा हौसेने सांगतात. शेजारच्या बिएर्सोत लास मेदुलास इथे रोमनांनी सोन्यासाठी डोंगर पोखरले हे खरं, पण नाव आलं ते गिगुर्री या जुन्या जमातीवरून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुळांवर जगणाऱ्या फिलॉक्सेरा किडीने इथले मळे उठवले. नव्याने लागवड करताना शेतकऱ्यांनी भरघोस उतारा देणारी पालोमिनो आणि काळी गार्नाचा तिंतोरेरा लावली. कमी पिकणारी गोदेयो बांधावर गेली. १९७४मध्ये ओरासिओ फेर्नांदेस प्रेसा आणि लुईस इदाल्गो यांनी ‘रेव्हिव्हाल’ हा पुनर्लागवडीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा काहीशे वेलीच उरल्या होत्या. त्यांच्याच काड्यांवरून मळे पुन्हा उभे राहिले. आता बिएर्सो, मोंतेर्रेई आणि रिबेइरा साक्रा इथेही ती लावतात. वेर्देखो ही स्पेनचीच दुसरी पांढरी द्राक्षजात तिची सख्खी बहीण: दोघींचे आईबाप सावान्यां आणि कास्तेयाना ब्लांका.

वेल लवकर फुटते आणि लवकर पिकते. घड लहान, मणी एकमेकांना चिकटून, त्यामुळे भुरी आणि घडकूज ही नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना पाठ असलेली दुखणी तिलाही छळतात. काढणी लांबली की आंबटपणा झपाट्याने उतरतो. म्हणून लेबलवर अल्कोहोलचा आकडा बघायचा: १३ ते १३.५ टक्के असेल तर बहुधा तोल बरा. १४च्या पुढे असेल तर वाइन जडसर आणि घशाला गरम लागण्याची शक्यता जास्त, आणि आपल्या मसाल्यांपुढे तर अधिकच.

चवीत सफरचंद, नाशपाती, पीच, लिंबाची साल, कधी बडीशेपेच्या हिरव्या पाल्याची झाक. घोट गिळल्यावर शेवटी कडू बदामासारखा हलका कडवटपणा. तो दोष नाही, तीच ओळख. पुस्तकांत ‘मिनरल’ म्हणतात तो वास मराठी शाळेत गेलेल्या कुणालाही समजावा लागत नाही: दगडी पाटी ओल्या फडक्याने पुसली की क्षणभर येतो तो. योगायोग असा, की वाल्देओरास हे छपरांच्या पाट्यांसाठी खोदल्या जाणाऱ्या पाटीच्या दगडाचंच गाव आहे आणि तिथले कित्येक मळे त्याच दगडाच्या भुग्यावर उभे आहेत. अर्थात दगडाची चव मुळांतून द्राक्षात चढते हे खरं नाही; साम्य आहे ते वासापुरतं.

बाटली निवडताना

ठाण्याच्या नेहमीच्या दुकानांत ही क्वचितच दिसेल. आयात वाइन ठेवणाऱ्या मोठ्या दुकानात मागवून घ्या, किंवा परदेशातून येणाऱ्या कुणाला सांगा. विमानप्रवाशाला २ लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते, म्हणजे ७५० मिलिच्या दोन बाटल्या आरामात. महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि मद्यसेवनाचा परवानाही लागतो, तो विसरू नका.

मागच्या लेबलवर ‘सोब्रे लियास’ लिहिलंय का बघा. आंबवण्याचं काम संपल्यावर मेलेल्या यीस्टचा जो साका तळाशी बसतो, त्याच्यावरच वाइन काही महिने ठेवलेली असते, अधूनमधून ढवळूनही. त्यातून दाटपणा येतो. पहिली गोदेयो घेणार असाल तर हीच घ्या. ‘बारिका’ हा शब्द असेल तर वाइन ओकच्या पिंपात राहिलेली आहे. तिला व्हॅनिला आणि धुराची झाक येते, ती छानही असते, पण द्राक्ष ओळखायचं असेल तर आधी पिंपाशिवायची प्या. यांपैकी काहीच लिहिलेलं नसेल तर ती साधारणपणे ताजी, हलकी वाइन; अशी बाटली काढणीच्या सालापासून दोन-तीन वर्षांत संपवावी. साक्यावरची चांगली बाटली पाच-सात वर्षंही टिकते, पण तिकडच्या तळघरात. इथे नाही.

आयात मालाचे कंटेनर न्हावा-शेवाला उतरतात आणि उन्हात तापू शकतात, म्हणून बाटली हातात घेऊन तपासाच. बूच काचेच्या काठापेक्षा वर आलंय, वेष्टनाखाली चिकट ओघळ आहे, किंवा दोन शेजारच्या बाटल्यांत एकीची पातळी बोटभर खाली आहे: यांतलं एकही दिसलं तर ती बाटली तापलेली समजा. तळाशी साखरेसारखे पांढरे खडे दिसले तर घाबरू नका. ते काचेचे तुकडे नाहीत, द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत. थंडीने जमतात, पोटात गेले तरी अपाय नाही.

घरात कुठे ठेवायची

माळ्यावर नाही. स्लॅबखालची जागा एप्रिल-मेमध्ये घरातली सगळ्यात तापलेली जागा असते. तीस अंशांच्या वर काही आठवडे राहिलेल्या गोदेयोला उकडलेल्या सफरचंदाचा, मुरंब्यासारखा वास येतो, रंग गडद होतो आणि तो दाटपणा नुसता चिकटपणा वाटू लागतो. हे परत फिरत नाही. गाडीच्या डिकीत तर दुपारचे दोन तासही पुरे. विमानतळावरून घरी येताना बाटली पुढे, एसीत ठेवा.

वाइनचं वेगळं कपाट नसेल तर दोन महिन्यांपर्यंत साधा फ्रिज चालतो: खालच्या भाजीच्या खणात, आडवी, वर्तमानपत्रात गुंडाळून. दारातल्या कप्प्यात उघडझाप आणि हादरे, म्हणून तिथे नको. दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर फ्रिजच्या कोरड्या हवेत बूच आक्रसतं आणि हवा आत शिरते. फिरकीचं झाकण असेल तर हा प्रश्न नाही, उभी ठेवा. फ्रिजबाहेर ठेवायचीच असेल तर थर्मोकोलच्या खोक्यात, उत्तरेकडच्या खोलीत, कपाटात जमिनीलगत. आणि तीही नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. पावसाळ्यात लेबलवर आणि बुचाच्या वरच्या बाजूला बुरशी आली तर ओल्या फडक्याने पुसा. ती बाहेरचीच असते.

गार करणं

लक्ष्य १० ते १२ अंश. साक्यावरची किंवा पिंपातली असेल तर १२-१३.

फ्रिजचं तापमान साधारण ४-५ अंश. तिथे रात्रभर राहिलेली बाटली थेट ओतली तर वास झोपतो, आंबटपणा आणि शेवटचा कडवटपणा तेवढा पुढे येतो, आणि ‘पाण्यासारखी आहे’ असा शेरा मिळतो. बाहेर काढून ठेवा: एसीत अर्धा तास, मेच्या दुपारी बिनाएसीत पंधरा मिनिटं पुरतात. स्वयंपाकघरातला दांडीवाला थर्मामीटर असेल तर पहिला ग्लास ओतून त्यात बुडवून बघा; एक-दोनदा मोजलं की हाताला अंदाज बसतो.

बाटली घरच्या तापमानाची, ३० अंशांची असेल आणि पाहुणे दारात असतील तर बादली. दोन किलो बर्फ, दोन लिटर पाणी, दोन मुठी जाडं मीठ. पाणी हवंच, नुसत्या बर्फात खड्यांमधली हवा बाटलीला चिकटून राहते आणि गारवा पोचत नाही. मिठामुळे पाणी शून्याच्या खाली जातं. बाटली मानेपर्यंत बुडवा, पाच-पाच मिनिटांनी फिरवा. वीस मिनिटांत काम होतं. मासळीबाजारातला बर्फही चालेल, फक्त उघडण्याआधी बाटली साबणाने धुवा, नाहीतर पहिला वास बांगड्याचा.

फ्रीजर शक्यतो नको. घरगुती फ्रीजर उणे १८ अंशांचा, आणि ही वाइन उणे ५-६च्या आसपास गोठायला लागते. विसरलात की बूच बाहेर येतं किंवा बाटली तडकते. ठेवायचीच असेल तर पाऊण तासाचा गजर लावा. ग्लासात बर्फ घालणं म्हणजे ज्या दाटपणासाठी पैसे मोजले तोच पातळ करणं.

ओतणं आणि चाखणं

ग्लास कमळाच्या कळीसारखा, तोंडाशी किंचित मिटलेला, ३००-४०० मिलिचा. एका वेळी ७० मिलिच्या आसपास ओता, बाटली परत बादलीत. आपल्या खोलीत ग्लासातली वाइन काही मिनिटांतच अंशाअंशाने चढू लागते; अर्धा ग्लास भरून गप्पा मारत बसलात तर शेवटचे घोट कोमट लागणार.

उघडल्यावर आधी बुचाजवळचा नाही, ग्लासातला वास घ्या. पावसात भिजलेल्या वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बूच खराब आहे, बाटली बाद. जुलैत मात्र सावध राहा: घरातल्या कपाटालाच तो वास असतो, ग्लासालाही लागतो. ग्लास आधी गरम पाण्याने धुऊन हवेवर वाळवा, फडक्याने पुसू नका, आणि मग निकाल द्या. काडी ओढल्यासारखा किंचित गंधकी वास आला तर ग्लास दोन मिनिटं फिरवत राहा, बहुधा उडून जातो.

ही जात समजून घ्यायची तर एकच बाटली तीन तापमानांना चाखा. पहिला घोट ८ अंशांना, दुसरा ११ला, तिसरा १५ला, दर वेळी वाइन तोंडात पाच सेकंद धरून. आठला लिंबू आणि कडवटपणा. अकराला जिभेच्या मध्यभागी साय पसरल्यासारखं काहीतरी येतं आणि फळ उमटतं. पंधराला साय राहते पण अल्कोहोल घशात टोचू लागतं. शेजारी नाशिकची सोव्हिन्यां ब्लां ओतून ठेवली तर फरक आणखी ठसठशीत कळेल: तिचा वास हातभर लांबून येतो, पण घोट गिळल्यावर मागे फारसं काही उरत नाही.

सोबत काय

नियम दोन. पहिला: मिरची कमी. मिरचीची आग आणि अल्कोहोलची जळजळ तोंडातल्या त्याच मज्जातंतूंच्या टोकांना जागं करतात, त्यामुळे झणझणीत आगरी रस्सा आणि १३.५ टक्क्यांची वाइन एकमेकांना पेटवतात. दुसरा: पदार्थ वाइनपेक्षा आंबट नको. कोकम-चिंच जास्त झाली की गोदेयो एकदम बेचव, सपाट होते. सोलकढी त्या दिवशी जेवणानंतर.

नारळाच्या दुधातलं वालाचं बिरडं ही अनपेक्षित पण फार चांगली जोडी. वालाचा उतरता कडवटपणा आणि वाइनचा बदामी शेवट एकाच जागी येतात. आमसूल मात्र निम्मं करा. रवा लावून तळलेले ओले बोंबील, भरपूर कोथिंबिरीची वडी, सुरणाचे काप हेही जमतं. अळूवडी नको, चिंच-गूळ दोन्ही बाजूंनी मारतात. उकडीचे मोदक अजिबात नकोत. गोडापुढे ही वाइन नुसती आंबट लागते.

सगळ्यात नेमकी जोडी तिसऱ्यांची. गालिसियातही शिंपल्यांचीच चंगळ असते. अर्धा किलो तिसऱ्या चेंदणी कोळीवाड्यातून किंवा बेलापूरच्या दिवाळे गावातून घ्या, एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून तासभर ठेवा म्हणजे वाळू सोडतात. तीन-चार पाण्यांनी धुवा. पातेल्यात अर्धी वाटी पाण्यासह झाकण घालून पाच मिनिटं वाफवा; उघडल्या नाहीत त्या फेकून द्या. पाणी फडक्यातून गाळून ठेवा, तळाला वाळू असतेच. मांस असलेली शिंपी ठेवून रिकामी काढून टाका. दोन चमचे तेलात सहा लसूणपाकळ्या ठेचून, एक कांदा बारीक, बिया काढलेली एक हिरवी मिरची, पाव चमचा हळद. कांदा मऊ झाला की तिसऱ्या, त्यांचं चार चमचे पाणी आणि अर्धी वाटी ओलं खोबरं. दोन मिनिटं, बस. जास्त शिजवलं की रबर होतो. मीठ शेवटी चव घेऊनच, कारण तिसऱ्या स्वतः खारट असतात. तो खारटपणाच वाइनमधला कडवटपणा दाबून फळ वर आणतो. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असली तरी खाडीतला माल थोडाफार मिळतो.

उरलेली वाइन स्वच्छ, कोरड्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून बूच लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. तीन दिवस चालते, साक्यावरची चौथ्या दिवशीही. पुढे रंग गडद होऊन कापलेल्या, काळवंडलेल्या सफरचंदाचा वास येऊ लागला की पिण्यात अर्थ नाही. तोवर ती तिसऱ्या वाफवायला पाण्याच्या जागी अर्धी वाटी वापरून संपवा.