रजिस्ट्रीचा कायदा बदलायचाय? आधी सरकारी वकिलाचं दार ठोठवा

कॅलिफोर्नियात एका फौजदारी वकिलाकडे मी पॅरालीगल आहे. लैंगिक गुन्ह्यांच्या रजिस्ट्रीतली, म्हणजे दोषी ठरलेल्यांच्या सरकारी यादीतली, माणसं आणि त्यांचे कागद रोज माझ्या टेबलावर येतात. आपल्या मंडळाच्या गणपतीत हा विषय कुणी काढत नाही. फोन मात्र येतात, रात्री उशिरा, दबक्या आवाजात. कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा. "ताई, हा कायदा कधी बदलणारच नाही का?" बदलतो. एकदा बदललेला मी पाहिलाय.

"रजिस्ट्रीच रद्द करा" ही मागणी घेऊन कुठे जाऊ नका. समोर अत्याचार सोसलेली बाई बसलेली असेल, तर त्या वाक्यानंतर ती तुमचं काही ऐकणार नाही, आणि तिचं चूकही नाही. तिच्याकडे आधी जा, मसुदा तयार होण्यापूर्वी. पॅटी वेटर्लिंग यांचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. १९८९ मध्ये मिनेसोटात त्यांचा अकरा वर्षांचा जेकब पळवला गेला, रजिस्ट्रीचा १९९४ चा केंद्रीय कायदा त्याच्या नावाने झाला, आणि पुढे त्याच आईने जाहीरपणे सांगितलं की जाळं फार पसरलंय, त्यात मुलंसुद्धा अडकताहेत. असा एक आवाज दहा वकिलांवर भारी पडतो.

मग कायद्याचे तुकडे पाडा. नाव किती वर्षं राहणार, ते वेबसाइटवर सगळ्या जगाला दिसणार का, माणसाने राहायचं कुठे, अल्पवयीन मुलांचं काय: ही चार वेगळी भांडणं आहेत. एकाच बिलात चारही कोंबली की चौघांचे विरोधक एकत्र येतात.

आमच्याकडे मुदतीचं भांडण जिंकलं गेलं, म्हणून ते सविस्तर सांगते. १९४७ मध्ये राज्यव्यापी रजिस्ट्री सुरू करणारं कॅलिफोर्निया हे पहिलं राज्य, आणि २०२१ पर्यंत इथे नोंद म्हणजे जन्मभराची. लहान मुलावर बलात्कार करणारा आणि पोलिसांनी सापळा लावून पकडलेला समलिंगी पुरुष, दोघे एकाच यादीत. यादी फुगत लाखाच्या घरात गेली. २०१७ मध्ये सुधारणेसाठी पुढे कोण आलं? लॉस एंजेलिस काउंटीच्या डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, म्हणजे आरोपींना तुरुंगात धाडणारं ऑफिस. त्यांचा मुद्दा साधा होता: चाळीस वर्षांपूर्वीच्या गुन्ह्यातल्या म्हाताऱ्यांचे फॉर्म भरण्यात डिटेक्टिव्हचा दिवस जातो, आणि खरोखर धोकादायक माणसावर नजर ठेवायला वेळ उरत नाही. दयामाया, दुसरी संधी हे शब्द त्यात नव्हते. तुम्हीही ते घरी ठेवा.

तरी पहिलं बिल, सिनेट बिल ४२१, असेंब्लीच्या अॅप्रोप्रिएशन्स कमिटीत अडकलं. ही खर्च तपासणारी कमिटी. नको असलेली बिलं आवाज न करता तिथेच मरतात. मग सेशनच्या शेवटच्या दिवसांत बार पहाटेपर्यंत उघडे ठेवण्याचं एक बिल होतं, क्रमांक ३८४, त्यातला मजकूर काढून त्या जागी रजिस्ट्रीचा मजकूर भरला आणि ते मंजूर करून घेतलं! गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी ऑक्टोबरमध्ये सही केली. आता किमान दहा वर्षं, किमान वीस वर्षं आणि आजन्म अशा तीन पायऱ्या आहेत. यातून घ्यायचं ते असं: खर्चाचे आकडे पहिल्या दिवसापासून तयार ठेवा, आणि निवडणूक नसलेलं वर्ष धरा. २०१७ तसंच होतं.

बिलावरच्या कमिटीच्या सुनावणीत मुख्य साक्षीदाराला दोनेक मिनिटं मिळतात. तिथे निवृत्त पोलीस अधिकारी किंवा पीडितांबरोबर काम करणारी कार्यकर्ती बसवा, नातेवाईक नको. बाकीच्यांनी रांगेत येऊन नाव, संस्था आणि "पाठिंबा" एवढंच म्हणायचं. आपल्या लोकांना एवढ्यात थांबणं अवघड जातं. घरून सराव करून या.

आकडे जपून वापरा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २००२ च्या निकालात न्यायमूर्ती केनेडी यांनी पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण भयावह असल्याचं लिहिलं. त्यामागचा ८० टक्क्यांचा आकडा माग काढता काढता १९८६ च्या एका लोकप्रिय मासिकातल्या लेखापर्यंत पोचतो, त्यामागे संशोधन नव्हतं. केंद्रीय न्याय खात्याच्या २०१९ च्या अहवालात, २००५ मध्ये सुटलेल्यांपैकी ७.७ टक्क्यांना नऊ वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्ह्यात अटक झालेली दिसते. पण अटक म्हणजे सगळे गुन्हे नव्हेत, कित्येक तक्रारी होतच नाहीत. हे विरोधकाने म्हणण्याआधी तुम्हीच म्हणा. प्रेस्कॉट आणि रॉकॉफ यांचा २०११ चा अभ्यास जास्त उपयोगी: पोलिसांकडच्या नोंदणीने गुन्हे कमी होतात असं त्यांना दिसलं, नावं जाहीर केल्याने मात्र यादीतल्यांकडून पुन्हा गुन्हा होणं वाढू शकतं. भारताने २०१८ मध्ये केलेली यादी पोलीस यंत्रणेपुरतीच ठेवली आहे. पुण्याहून कुणी "अमेरिकेसारखं सगळं उघड करा" म्हणालं की मी हा अभ्यास पुढे करते.

कोर्टाचा रस्ता लांबचा. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अलास्काच्या खटल्यात ठरवलं की नोंदणी ही शिक्षा नाही, म्हणून जुन्या गुन्ह्यांनाही ती लावता येते. मिशिगनमध्ये २०१६ साली हे मर्यादित झालं, कारण शाळेपासून हजार फुटांची बंदी वगैरे अटी चढत चढत नोंदणीचं रूप शिक्षेचं झालं होतं. जिंकूनही सुधारित कायदा लागू व्हायला २०२१ चा मार्च उजाडला. तेव्हा आजपासून वही ठेवा: कुठलं घर नाकारलं, कुठली नोकरी गेली, तारखेसकट. शहराचे नियम मात्र लवकर पडतात. अर्व्हाइनने बागांत जाण्यावर घातलेली बंदी २०१४ मध्ये अपील कोर्टाने उडवली, कारण राज्याचा कायदा असताना शहराला तो अधिकारच नव्हता. तुमच्या शहराचा म्युनिसिपल कोड वाचा, सुरुवात तिथून.

आणि कायदा बदलला की तो वापरा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२१ पासून नाव काढण्याचा अर्ज करता येतो. फॉर्म सीआर-४१५, राहत्या काउंटीच्या सुपीरियर कोर्टात, किमान मुदत संपल्यानंतरच्या वाढदिवशी किंवा पुढे. प्रती पोलिसांना आणि डिस्ट्रिक्ट अॅटर्नीला द्याव्या लागतात. पोलिसांनी ६० दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तो मिळाल्यापासून सुनावणी मागायला डिस्ट्रिक्ट अॅटर्नीकडे ६० दिवस असतात. आदेश हातात येईपर्यंत वाढदिवसाच्या पाच कामकाजी दिवसांतली वार्षिक नोंदणी चुकवायची नाही. तो किरकोळ गुन्हा धरला गेला आणि दोष सिद्ध झाला तर किमान मुदत एक वर्षाने वाढते, गंभीर धरला गेला तर तीन वर्षांनी.