भरतीत सगळ्यांना संधी द्यायचीय? या चुका टाळा

चाकण असो, हिंजवडी असो की नाशिकचं अंबड, 'आपल्याकडे सगळे एकाच साच्यातले लोक का?' असं विचारलं की एचआरचं उत्तर ठरलेलं असतं: अर्जच येत नाहीत. बहुतेक वेळा जागा निघाल्याचं बाकीच्यांना कळलेलंच नसतं. भरती ओळखीतून होते आणि माणूस शिफारस करतो ती आपल्या कॉलेजातल्या, सोसायटीतल्या, नात्यातल्या कुणाची तरी. रेफरलमुळे खर्च वाचतो, माणूसही पटकन मिळतो, त्यामुळे ते बंद करा असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक जागेची जाहिरात बाहेरही द्या. ती आयटीआय, तालुक्याची कॉलेजं आणि सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहं इथल्या सूचनाफलकांपर्यंत गेली पाहिजे.

अर्ज आले की आडनाव आडवं येतं. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रत्येक एचआरवाल्यानं वाचावा. त्यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, नावं तेवढी वेगळी ठेवली. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढची बोलावणी मिळण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी निघाली. म्हणून पहिल्या चाळणीत नाव, फोटो आणि पत्ता झाकून ठेवा. एक्सेलमधले ते रकाने लपवायला मिनिटभर पुरतं.

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान मुलाखतीतल्या गप्पा करतात. "मूळ गाव कुठलं? वडील काय करतात? पूर्ण नाव सांगा ना." विचारणाऱ्याला ही ओळख वाटते, पण समोरच्या मुलाला जात चाचपली जातेय हे लगेच कळतं आणि पुढची सगळी उत्तरं तो सावरून देतो. मुलींना वर "लग्नाचं काय ठरलंय?" हेही विचारलं जातं. प्रश्न आधी लिहून काढा, सगळ्यांना तेच विचारा आणि चर्चेपूर्वी प्रत्येकानं आपापले गुण कागदावर मांडा. पॅनलवरचं कुणी "आपल्या टीममध्ये बसणार नाही" म्हणालं, तर तिथंच विचारा: यातलं नेमकं कोणतं काम त्याला जमणार नाही? उत्तर नसेल तर तो शेरा गुणपत्रिकेत येऊ देऊ नका.

कायदा फायलीत ठेवणं ही तर नेहमीचीच चूक. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. समान संधी धोरण त्यानुसार खासगी आस्थापनांनाही लागतं. धोरण छापलं जातं, दारात रॅम्पही होतो आणि स्वच्छतागृहाला मात्र दोन पायऱ्या तशाच राहतात. धोरण लिहिण्याआधी एखाद्या व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला पैसे देऊन बोलवा आणि गेटपासून कँटीनपर्यंत त्याच्याबरोबर फिरा.

मातृत्वरजा २०१७ च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची झाली, पण रजेवरून परतलेल्या बाईला "तुला त्रास नको" म्हणत हलकं काम दिलं जातं. मोठा क्लायंट दुसऱ्याकडे जातो, मग अप्रेझलमध्ये दाखवायला तिच्याकडे काही उरत नाही. काय झेपेल हे तिलाच विचारा आणि तिचं जुनं काम तिला परत द्या.

वर्षअखेरीच्या तक्त्यात फक्त किती जणांना घेतलं एवढंच येतं. कोण सोडून गेलं, का गेलं आणि कुणाची बढती रखडलीय, हे रकानेही त्यात घाला आणि तो तक्ता एचआरपुरता न ठेवता संचालकांच्या बैठकीत मांडा.